चुन्याने आवळलेली मूठ

चुनखडीच्या माळावर एकदा एका तरुणाने मोसंबीची बाग लावली. त्या माळावर आजवर कुसळ आणि बाभळींखेरीज काही उगवले नव्हते, त्यामुळे साऱ्या घराची नजर त्याच्या या हट्टावर होती. रोपांनी अंग धरले आणि अचानक बागेवर केवडा रोग पडला. शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान पिवळेजर्द.

तरुणाने कष्टांत कसूर केली नाही. शेणखत तर तो घालीतच होता. त्यावर घरोघरच्या चुलींतील राख टोपल्या भरभरून आणून झाडांच्या बुंध्याशी ओती. पाने जितकी पिवळी पडत, तितकी राख वाढे.

एक व्यापारी बांधावरून जाताना म्हणाला, "अरे, ही झाडं म्हणायची की हळद लागलेल्या नवऱ्या? वरात कधी काढतोस?"

वडील हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो. मग कुऱ्हाड."

त्या संध्याकाळी तरुण आपल्या गुरूंकडे गेला. कलम बांधण्याची विद्या त्याला याच वृद्धांनी दिली होती. "गुरुजी, माझ्या मातीत अन्नच नाही हो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वृद्ध बागेत आले. त्यांनी एक ढेकूळ उचलले आणि त्यावर लिंबू पिळले. ढेकूळ फसफसले.

"राख बंद कर," ते म्हणाले. "आणि घरात आंबलेलं ताक असेल तर घेऊन ये."

"गुरुजी, झाडं उपाशी आहेत आणि तुम्ही त्यांच्या पुढ्यातलं ताट उचलता?"

वृद्ध म्हणाले, "जेवणाऱ्याचे हात बांधलेले असतील, तर वाढप्याने पोळीवर पोळी वाढून काय होणार? हे फसफसणं म्हणजे चुना. झाडाला हवं ते लोह या मातीत आहे, पण चुन्याने ते मुठीत आवळून धरलं आहे. राखही चुन्याच्याच जातीची, तिने ती मूठ आणखी घट्ट केली. मुळं आपल्या अंगचा आंबट रस सोडून मातीतलं अन्न मोकळं करीत असतात. इथे चुना फार, एकट्या मुळांचं बळ पुरत नाही. ताकाचं आम्ल, मुरलेल्या खताचं आम्ल, ही त्यांना हातभार लावतात. मात्र भरपूर पाणी घालून दे. उतावीळपणा केलास तर मुळं भाजतील."

घरी वडील कडाडले, "आता झाडांना ताक? इथं पोरांना कढी पुरत नाही!" आईने मात्र ताकाचा रांजण पुढे सरकवला.

तरुण मुरलेले खत आळ्यांत पसरी, त्यावर पातळ केलेले ताक देई आणि वाट पाही. जुनी पाने पिवळीच राहिली. मग एका सकाळी शेंड्यांवर नवी पालवी दिसली. ती हिरवी होती. पुढची फूट तर गर्द हिरवी.

दसरा झाला. वडील खांद्यावर कुऱ्हाड घेऊन बागेत आले, एका झाडापुढे थांबले आणि कोवळे पान बोटांत धरून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"ही घे," कुऱ्हाड मुलाच्या हाती देत ते म्हणाले. "बांधावरच्या बाभळी तोड आणि बागेला काटेरी कुंपण घाल. एवढं हिरवं दिसल्यावर गावची गुरं थोडीच बाहेर थांबणार?"

तरुणाला हसू आवरेना. गुरूंकडे धावत जावे असे त्याला वाटले, पण तो आधी खाली बसला आणि मूठभर माती हातात घेतली. हिच्यात काहीच नाही, असे तो गावभर सांगत फिरला होता.

ज्याला आपण रिता म्हणतो, त्याच्यात काय अडकून पडले आहे, हे आधी पाहावे.