न वाजलेले यंत्र

एकदा आल्प्सच्या एका बर्फाळ खोऱ्यात एक वृद्ध वाटाड्या राहत असे. हौशी मंडळींना स्कीवरून डोंगर चढवायचे आणि धडधाकट परत आणायचे, हाच त्याचा धर्म. त्याची एक रीत होती. प्रत्येकाच्या छातीशी एक छोटे यंत्र बांधलेले असे. ते सुरू असले की जवळ आलेले दुसऱ्याचे यंत्र वाजे आणि माणूस बर्फाखाली गाडला गेला, तर त्यावरून त्याचा ठाव लागे. निघताना एकाने आपले यंत्र हाती धरून वाटेच्या कडेला उभे राहायचे आणि बाकीच्यांनी एकेक करून त्याच्यासमोरून जायचे. प्रत्येकासाठी ते वाजले पाहिजे, मगच पुढचे पाऊल.

त्या सकाळी कडेला उभे राहण्याचा मान वाटाड्याच्या तरुण शिष्याला मिळाला. पाहुणा म्हणून आलेला व्यापारी समोरून गेला, यंत्र वाजले. शेवटी त्याचे गुरू, म्हणजे तो वृद्ध वाटाड्या, आले. शिष्याने यंत्र खाली केले आणि अदबीने मान लववली. ज्यांनी शिकवले, त्यांचीच झडती घ्यायची? छे! गुरूही आपल्याच तंद्रीत पुढे गेले.

दुपारी एक अवघड उतार आडवा आला. "मी पलीकडे पोचेपर्यंत जागचे हलू नका," असे बजावून गुरू एकटेच निघाले. ते मध्यावर पोचतात न पोचतात तोच वर काहीतरी कडाडले आणि अख्खा उतार सुटला. पांढरा धुरळा बसला तेव्हा गुरू कुठेच नव्हते.

शिष्य यंत्र घेऊन धावला. यंत्र गप्प.

"अहो, वाजत का नाही ते?" व्यापारी ओरडला. "सकाळी माझ्या वेळी तर वाजलं होतं!"

सकाळी गुरूंसाठी आपण ते धरलेच नव्हते, हे शिष्याला आठवले. तो वेड्यासारखा जिथे तिथे बर्फात काठी खुपसत राहिला.

"अरे, मी इकडे आहे!" पलीकडच्या खडकाआडून हाक आली. गुरू कसेबसे तिथे पोचून वाचले होते. शिष्याने धावत जाऊन त्यांच्या छातीवरचे यंत्र पाहिले. बंद!

"गुरुजी, माझी परीक्षा घ्यायला बंद ठेवलंत ना?" त्याने आशेने विचारले.

"नाही रे. विसरलो."

शिष्याच्या मनात आले, परीक्षा असती तर किती बरे झाले असते!

गुरूंनी मग अजबच केले. सहल तिथेच मोडून ते सर्वांना खाली घेऊन आले, सकाळच्याच जागी शिष्याला उभे केले आणि आपले यंत्र सुरू करून त्याच्यासमोरून चालत गेले. शिष्याच्या हातातले यंत्र वाजले.

"आता याचा काय उपयोग?" व्यापारी पुटपुटला.

"उद्याही मी विसरेन, म्हणून," गुरू म्हणाले. "बाळा, सकाळी तू मान लववलीस आणि मीही तो मान मुकाट्याने घेतला. मी कधी चुकत नाही, असं तुला वाटलं. खरं सांगू, मलाही वाटलं. या वयात मान देणारे पुष्कळ भेटतात रे, तपासणारा कुणी उरत नाही. तेवढा तू राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरू पुन्हा शेवटी आले. शिष्याने आधी यंत्र धरले, ते वाजल्याचे नीट ऐकले आणि मग वाकून नमस्कार केला.