वॉटरला घर हवं होतं

शब्द अजून पुस्तकांत राहायला गेले नव्हते, तेव्हा त्यांच्या गावात नामांची, क्रियापदांची आणि विशेषणांची आळी वेगवेगळी होती. एकदा वॉटर नावाचा इंग्रजी शब्द तिथे घर मागायला आला.

"आळी कोणती तुझी?" नामांच्या आळीतल्या म्हाताऱ्या पाणीबुवांनी विचारलं.

"नुसता बसलो की पाणी, कामाला लावलंत की शिंपणं, नळापुढे उभा केलात की पाण्याचा. तिन्ही माझ्याच, आजोबा."

"आणि अंगावर एक प्रत्यय नाही? असा उघडा हिंडतोस, मेल्या? नीघ!"

इतक्यात आळीला आग लागली. पाणीबुवा प्रत्यय चढवायला घरात पळाले. 'ला' घालावा की 'ने', हेच त्यांना ठरवता येईना. वॉटर तसाच उघडा धावला आणि त्याने आग विझवली.

त्याला घर कुठे द्यायचं, यावर गावाची सभा अजून चालू आहे. तोवर तो तिन्ही आळ्यांत जेवतो, आणि प्रत्येक आळी म्हणते, "पोरगं आमचंच."