टाचेखालचा राजा

भिवरगावात नवी सून आली की तिला आधी देवळात नेत नाहीत, तळ्यावर नेतात. पायरीवर कच्च्या मातीची एक चकती ठेवलेली असते. चकतीवर एका पुरुषाचे तोंड, कानामागे पाने खोवलेले. सुनेने ते टाचेखाली चिरडायचे आणि मग घागर बुडवायची. हा कोण, असे पाहुणे विचारतात. तळ्यावरचे म्हातारे गुरव आधी बाजूला थुंकतात. "रोमचा राजा. त्या बिचाऱ्याचा काय दोस? दोस आमच्या शेटजीचा."

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. घाटाने बैलांवरून कापड बंदरात उतरे आणि समुद्रापलीकडच्या राजांची रुप्याची नाणी वर येत. धनदेव शेटजीचे रांजण त्या नाण्यांनी भरले आणि डोके तेवढे रिकामे झाले. त्याने अधिकाऱ्याचे हात ओले करून तळे आपल्या नावे करून घेतले. काठावरच्या कोनाड्यात एक नाणे बसवून त्याला शेंदूर फासला आणि दवंडी पिटली, की हा रूपेश्वर. याचे मुख घेऊन दर्शनाला येईल त्यालाच पाणी. ते मुख, म्हणजे तसलेच नाणे, मिळे शेटजीच्याच पेढीवर, दुभती गाय दिल्यावर. ज्या राजाला हे गाव कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नव्हते, त्याच्यापुढे चांगली शहाणीसुरती माणसे नाक घासू लागली. लाज कोळून प्यायली होती सगळी!

सामा कुंभारणीकडे गाय नव्हती. घरात ओली बाळंतीण सून होती आणि ऊन वैशाखाचे. तळ्यावरच्या गड्याने हाकलल्यावर सामा रिकामी घागर घेऊन परतली.

"आत्याबाई, घोटभर तरी," सून म्हणाली.

सामाला रडू आले नाही, संताप आला. रूपेश्वराच्या पणत्या तीच पुरवायची. पणत्या ठेवायच्या निमित्ताने ती कोनाड्याशी गेली आणि मळलेल्या मातीचा गोळा नाण्यावर दाबून आली. तो साचा वाळल्यावर तिने त्यातून चकत्या काढल्या आणि आळीतल्या बायांना वाटल्या. साऱ्याजणी घागरी घेऊन तळ्यावर गेल्या. शेटजी धोतर सावरत धावत आला.

"ही माती आहे!"

"मुख त्येच हाय न्हवं?" सामा म्हणाली. "नाक बघा, पानं बघा."

"पण रुपं कुठंय?"

"म्हंजी तुमचा देव रुपं हाय. मंग ह्या थोबाडाची पूजा आमी कशापायी करायची?"

तिने चकती पायरीवर ठेवली आणि टाचेने चिरडली. वीज पडली नाही की भूमी दुभंगली नाही. मागोमाग सगळ्या टाचा पडल्या. शेटजी गड्यावर ओरडला, पण गड्याची बायकोही त्यांच्यातच होती. त्याने काठी खाली ठेवली. सामा घागर भरून घराकडे पळत सुटली.

असे सांगतात, की तेव्हापासून तळ्यावर कुणाची मालकी चालली नाही. आजही नव्या सुनेची पहिली घागर सासरी जात नाही, गावात जिथे बाळंतीण असेल त्या घरी जाते. आणि धनदेवाच्या घराण्यात सून आली, की गावच्या बाया पायरीवर उभ्या राहून तिची टाच बघतात. हलकी पडली तर दुसरी चकती ठेवतात.