खारवलीच्या सड्यावरचा मोकळा पट्टा

अहो पाव्हणे, गाडी तिथं नका लावू. मोकळी जागा दिसली की शहरातल्या माणसाचे डोळे लकाकतात, ठाऊक आहे मला. पण खारवलीच्या सड्यावरचा, म्हणजे ह्या कातळाच्या पठारावरचा, हा मधला पट्टा मुद्दाम रिकामा ठेवलाय. इथं गुरं बांधत नाहीत, गवत रचत नाहीत, शिमग्याची पालखीसुद्धा कडेकडेनं जाते. आमचा सरपंच सगळीकडे आडवा येतो, पण इथं तोही येत नाही.

असं सांगतात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिमग्याला भर दुपारी सगळा गाव इथं पालखी नाचवत होता. तेवढ्यात समुद्राकडून एक लढाऊ विमान आलं. एका अंगानं काळा धूर. आमच्या लोकांनी तोवर मोटारसुद्धा लांबूनच पाहिलेली. त्यांना वाटलं, देवीच्या दर्शनालाच आलंय. गावची मानकरीण भिकीबाय पास्ते, तिचा शब्द देवीच्या खालोखाल. तिनं सांगितलं, पालखी उंच धरा, त्यालाही दिसू दे.

विमानानं घिरटी घातली. दुसऱ्या खेपेला इतकं खाली आलं की आतला गोरा पोरगा दिसला म्हणे. काचेआडून हात हलवत होता.

"लेकरू रामराम करतंय," भिकीबाय म्हणाली. "हात हलवा रे."

तीनशे माणसांनी हात हलवले. ढोलवाल्यांना तर चेवच चढला. तिसऱ्या खेपेला चाकं अगदी डोक्यांजवळ आली आणि विमान एकदम वर उचललं गेलं, खाडीकडे वळलं. कड्यापलीकडे आवाज झाला. मग ढोल थांबले.

पोरगा ऑस्ट्रेलियाचा होता. नाव क्लाइव्ह, वय बावीस. चौकशीला आलेल्या लष्करी माणसानं सांगितलं, उतरण्यासारखी सपाट जागा आसपास ही एकच. तो रामराम करत नव्हता, बाजूला व्हा म्हणत होता. आणि माणसांवर उतरायचं त्याच्या मनाला येईना.

देवीची पहिली ओटी भिकीबायच्या मानाची. तो मान तिनं सोडला तो कायमचा. गावाला शपथ घातली, ह्या पट्ट्यावर आपल्यातलं कुणी उभं राहायचं नाही.

पुष्कळ वर्षांनी क्लाइव्हची बहीण आली, एडना. तिकडच्या प्रवासी विमानानं मुंबईपर्यंत, पुढं आमच्या एसटीनं. म्हणजे खरं धाडस पुढंच. तिनं शाळेच्या गुरुजींकरवी विचारलं, शेवटच्या घडीला तो काय करत होता? गुरुजी काहीतरी गोड सांगायला निघाले. एरवीही त्यांना तेवढंच जमे. भिकीबायनं त्यांना अडवलं.

"खरं सांगा तिला. जागा मागत होता. आम्ही दिली नाही."

एडना सड्यावर आली. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्ट्यावरून एकटी चालत गेली. भिकीबाय कडेलाच थांबली. पलीकडे पोचल्यावर एडनानं वळून हात केला. भिकीबायनं हात हलवला नाही म्हणे. ती एक पाऊल मागं सरली.

आजही शिमग्यात वरून विमान गेलं की ढोल थांबतात आणि सगळा गाव एक पाऊल मागं सरतो. ऑस्ट्रेलियाला शिकायला निघालेली पोरंही असतील त्या विमानात, ढगांचे फोटो काढत बसलेली. एवढ्या उंचावरून त्यांना आम्ही काय दिसणार. तरी सरतो.