राईतली फुगडी

सात समुद्रांपलीकडची नव्हे, एका टेकडीअलीकडचीच ही गोष्ट आहे, बरं का! तिथं एक वाडी होती आणि वाडीच्या अगदी कडेला एक इवलंसं खोपटं होतं. त्यात सोनकी आणि तिची आई राहायच्या. आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची. दिवस उगवायच्या आत डोक्यावर भारा घेऊन ती बाजाराला निघायची, ती थेट दिवेलागणीला परत. सोनकीसाठी फडक्यात भाकरीचा चतकोर आणि मिठाचा खडा बांधून ठेवलेला असायचा. तेवढ्यावर पोरीचा अख्खा दिवस जायचा.

भुकेचं सोनकीला फारसं काही वाटायचं नाही. एकटेपणाचं मात्र फार फार वाटायचं. वाडीतल्या मुली पारापाशी फुगडी घालायच्या. सोनकीने जवळ जाऊन हात पुढे केला, की त्या आपले हात पाठीमागे लपवायच्या. "ए केरसुणी, लांब हो!" असं ओरडायची ती अनसू, सगळ्यांत मोठ्या आवाजाची. आता तुम्हीच सांगा, केरसुणी म्हणजे लक्ष्मी ना? दिवाळीला तिला हळदकुंकू लावतात ना? पण तोंडाला येईल ते बोलणाऱ्या पोरींना कोण समजावणार! आणि फुगडी काही एकटीने घालता येत नाही. सोनकीने करून पाहिलं होतं. स्वतःचेच हात धरून गरगर फिरली आणि धप्पकन पडली. हसायलासुद्धा जवळ कुणी नव्हतं.

म्हणून ती राईत जायची. वाडीमागून निवडुंगाच्या कुंपणांमधून एक चिंचोळी पाणंद जायची. पाणंदीत पिवळी पिवळी फुलपाखरं भिरभिरायची, पण माणूस औषधालाही भेटायचं नाही. पाणंद संपली की देवाच्या नावानं राखलेली जुनी, हिरवीगार, गारेगार राई लागायची. राईतली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, असा वाडीचा नियम होता. नेली तर चकवा लागतो म्हणे! वाट समोर असून दिसत नाही आणि माणूस फिरून फिरून तिथंच येतं.

राईच्या पोटात काळ्या दगडाचं एक जुनंपुराणं देऊळ होतं. छप्पर अर्धं पडलेलं, खांबांवर मखमली शेवाळ. भिंतीवर कोरलेली होती एक दगडी परी. तिच्या तळहातावर दगडाचाच एक पिटुकला राघू बसलेला असायचा. तो कधीचा सुटा झालेला, म्हणून सोनकी त्याला रोज पुसायची, "काय रे, बरा आहेस ना?" असं विचारायची आणि पुन्हा जागेवर बसवायची. मग आपल्या छोट्याशा केरसुणीने सगळं देऊळ लख्ख झाडायची. घरी जाताना परकराला चिकटलेली कुसळंसुद्धा वेचून राईतच ठेवायची.

एका दुपारी येऊन बघते तर काय, परीचा तळहात रिकामा! सोनकीने खांबांमागे पाहिलं, पाचोळा चाळला, कोपरान्‌कोपरा शोधला. राघू कुठेच नाही. तिला रडूच कोसळलं.

"अगं बाळे, राघू माझा हरवला आणि रडतेस तू?"

सोनकीने दचकून वर पाहिलं. भिंतीवरची परी खाली उतरत होती! दगडी अंगावर गुलाबी रंग चढला होता, पाठीवर मोरपंखी पंख लकाकत होते आणि पैंजणांतून चांदीचे इवले इवले कण झरत होते.

"मी नाही नेला हो तुमचा राघू," सोनकी हुंदके देत म्हणाली.

"ठाऊक आहे गं मला. वर्षभर माझ्या अंगणातला केर काढलास, मी बघत होते. माग, एक इच्छा माग. पण एकच हं! आणि माणूस मागायचं नाही. माणूस आपल्या पायानं यावं लागतं. तो छपरातून पडलेला कवडसा पाहिलास? तो उंबऱ्याला टेकायच्या आत मागायचं. टेकला की मी पुन्हा दगड."

सोनकीचं तोंड एवढंसं झालं. "मला तर मैत्रीणच मागायची होती." मग तिचे डोळे चमकले. "पण तू कुठं माणूस आहेस? तू रोज खाली येशील? माझ्याशी फुगडी घालायला?"

परी खुदकन हसली. "येईन की! तसं माग आणि धर माझे हात."

सोनकीने तोंड उघडलं, तोच बाहेरून आवाज आला, "आये! आये गं!"

सोनकी धावत उंबऱ्याबाहेर गेली. ती अनसू होती! केस विस्कटलेले, गालावर काट्यांचे ओरखडे. एकाच झाडाभोवती ती गोल गोल फिरत होती आणि तिच्या ओच्यातून दगडी चोच डोकावत होती. "अनसू! इकडे, इकडे!" सोनकीने हाका मारल्या. अनसू तिच्या अगदी जवळून गेली, पण तिला सोनकी दिसलीच नाही.

"राघू तिनं नेला, म्हणून राईनं तिची वाट मिटली," परी हळूच म्हणाली. "तुझा आवाज तिला ऐकू जायचा नाही."

बरी खोड मोडली, असं क्षणभर सोनकीच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, आलंच! पण तेवढ्यात पुन्हा ती हाक आली, "आये!" आईची वाट बघणं काय असतं, हे सोनकीइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने परीच्या गुलाबी हातांकडे पाहिलं. तिला ते हात फार हवे होते. कवडसा उंबऱ्यापासून बोटभरच लांब होता.

"परी," ती म्हणाली, "अनसूला वाट दिसू दे. घरी जाऊ दे तिला."

अनसू थबकली. तिने सोनकीकडे पाहिलं, पाणंदीकडे पाहिलं आणि धूम पळाली. कवडसा उंबऱ्याला टेकला. सोनकी मागे वळली तेव्हा परी भिंतीवर होती, दगडाची, रिकाम्या हाताची. सोनकी पोटभर रडली आणि मग तिने देऊळ झाडलं.

"आज काय केलंस गं दिवसभर?" आईने दिवेलागणीला विचारलं.

"झाडलं," सोनकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झाडत होती, तेव्हा उंबऱ्यावर सावली पडली. अनसू! ओंजळीत राघू धरलेला.

"परत आणलाय," अनसू खाली बघत म्हणाली. मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "खेळायला नेला होता मी. आई म्हणाली, चकवा असा आपोआप सुटत नाही, कुणीतरी सोडवावा लागतो. तूच सोडवलास ना?"

सोनकी लाजली. "बसव त्याला जागेवर," एवढंच म्हणाली. अनसूचा हात पुरेना, तेव्हा सोनकीने खालून हात लावला. दोघींनी मिळून राघू बसवला. टक्!

मग अनसूने आपले हात परकराला पुसले आणि पुढे केले. "फुगडी घालतेस?"

सोनकीने आपलेच हात पाठीमागे लपवले. "माझे हात केराचे आहेत."

"माझे तर काल चोरीचे होते," अनसू म्हणाली. "धर गं!"

आणि मग काय विचारता! पावलाला पाऊल जुळलं, वेण्या उडाल्या, खांब फिरले, झाडं फिरली, आभाळ फिरलं. गरगर गरगर! भिंतीवरून सोनेरी उजेड उसळला. दगडी राघू हिरवागार होऊन भुर्रकन उडाला आणि त्याच्यामागून परी. "माणूस आपल्या पायानं यावं लागतं, म्हटलं होतं ना?" असा आवाज आला. चांदीचे कण दोघींच्या केसांवर भुरभुरले आणि त्या झगमगाटात परी दिसेनाशी झाली.

दोघी दमून उंबऱ्यावर बसल्या. एकमेकींच्या परकराची कुसळं वेचून त्यांनी राईतच ठेवली आणि मग घरी निघाल्या. पाणंद फार अरुंद होती. शेजारी शेजारी चालायचं, तर हात धरूनच चालावं लागत होतं.