चार खोल्यांचं घर

इंग्रजी शब्दांच्या राज्यात घर मोठं कशानं होतं, ठाऊक आहे का तुम्हाला? मागे शेपूट जोडून. तिथं प्रत्येक घरात जोराची पगडी एकच असते. ती ज्याच्या डोक्यावर, त्याचाच आवाज रस्त्यापर्यंत जातो. बाकीच्यांनी नुसतं पुटपुटायचं.

पब्लिक हे दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत पगडीवाले थोरले पब, मागच्या खोलीत धाकटा लि, आणि त्याच्या दाराशी कभाऊ. थोरले गरजले की शेवटी कभाऊ खट्‌कन दार लावायचे. त्या आवाजानं बोललेलं पक्कं व्हायचं. अडलेनडलेले शब्द म्हणूनच त्या घरी यायचे.

एके दिवशी शेपूट म्हणून जोडल्या जाणाऱ्या इटीबाई आल्या. स्वतःचं घर नाही, एकटीनं उभं राहावं एवढा अर्थही नाही. पण तोरा असा की यजमानांनीच उठून जागा दिली. बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मी राहते तिथं पगडी शेवटून तिसऱ्याला."

धाकट्यानं बोटांवर मोजलं. तिसरा तोच येत होता.

"दादा, घर चार खोल्यांचं होईल," तो म्हणाला. "लोक नाव घेताना आधी घसा साफ करतील."

चार खोल्या ऐकून थोरल्यांनी पगडी उतरवून दिली.

मग बाई दाराकडे वळल्या. "भाऊ, किती कडक बोलता. जरा मऊ व्हा."

"बाई, मला मिटवायला ठेवलंय, मिरवायला नाही."

"इलेक्ट्रिकच्या दारातला क असंच म्हणायचा. आता माझ्यापुढे स होऊन चालतो. बरं चाललंय त्याचं. तुम्हाला जमत नसेल तर रस्ता मोकळा आहे."

कभाऊंना जन्मात एकच आवाज काढता येत होता. तो त्यांनी गिळला. दार उघडं टाकून ते तिसऱ्या खोलीत, बाईंच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. संध्याकाळी नवी पाटी लागली: पब्लिसिटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्प नावाचा एका खोलीचा गरीब शब्द अंगणात आला आणि "पब्लिक, ओ पब्लिक" अशा हाका मारू लागला. थोरले आत काहीतरी पुटपुटले. धाकटा पगडी सावरत खिडकीतून हात हलवत राहिला. कभाऊंनी सवयीनं ओ द्यायला तोंड उघडलं, आणि "स्स" एवढंच बाहेर पडलं. हेल्पला वाटलं, गप्प बसायला सांगतायत. तो गप्प झाला आणि निघून गेला.