सरकता सांधा

वेळ सकाळी सातची. जागा, गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीलगतची पत्र्याची शेड. तिथे एकदा एका वृद्ध गुरूने आपल्या शिष्याचे सर्वांत देखणे काम करवतीने कापले.

शिष्य शिकलेला होता आणि हाताचाही कसबी. घरी बांधलेले दोन आसनांचे विमान त्याने पुरे करत आणले होते. राहिला होता सायलेन्सर. तयार एकही बसेना, म्हणून त्याने स्टेनलेस स्टीलच्या नळ्या स्वतः वाकवल्या, इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत अखंड जोडल्या आणि सायलेन्सर पट्टीने विमानाच्या चौकटीला घट्ट आवळला. बायको, सुनीती, जरा गारठा पडला की कुडकुडते. तिच्यासाठी त्याने सायलेन्सरभोवती पत्र्याचा वेढा घातला. त्यातून तापलेली हवा तिच्या पायांशी येणार होती. वेढ्याला त्याने रिव्हेट, म्हणजे पुन्हा न निघणारे खिळे, ठोकले. चाचण्या संपल्या की पहिली फेरी तिची, असे ठरले होते.

गुरूने, म्हणजे त्याच्या सरांनी, नळीवरून बोट फिरवले. "जोड सापडत नाही रे. नामी काम."

शिष्य सुखावला. सरांनी करवत मागितली आणि आधी पट्टी कापली, मग नळ्या. शेवटी छिन्नीने रिव्हेट उडवून वेढा काढून ठेवला.

"सर, सकाळचा चहा झाला नाही का तुमचा?" शिष्याने कापलेली नळी उचलली.

"झाला. बस इथे." सरांनी स्टूल पुढे ओढले. "इंजिन रबरावर बसलेलं असतं, ते थरथरणार. चौकट स्थिर. तू नळीचं एक टोक थरथरणाऱ्याला बांधलंस, दुसरं स्थिराला. त्यात ती तापते, तापली की वाढते. वाढायला जागा मिळाली नाही की फाटते. फाटली वेढ्याखाली, तर तुला दिसणार कशी? धुरातल्या विषारी वायूला ना रंग, ना वास. तो उबेबरोबर सुनीतीच्या पायांशी येईल. तिला वाटेल, नवऱ्यानं किती काळजी घेतली. दोघंही पेंगाल."

शिष्याने काढलेला वेढा मांडीवर घेतला. त्याला सुनीतीचे गार पाय आठवले.

"ऊब दे तिला," सर हळू म्हणाले. "पण ज्याला हलायचंय त्याला हलू दे. आणि आपल्या माणसाचा श्वास ज्याच्यावर आहे, ते कायमचं झाकू नकोस. उघडून बघता आलं पाहिजे."

दिवसभर दोघे खपले. एका नळीच्या तोंडात दुसरी सरकेल असे सांधे वेढ्याच्या बाहेर केले. सायलेन्सर आता इंजिनालाच टांगला. वेढ्याला स्क्रू लावले. संध्याकाळी इंजिन सुरू झाले, तापले, आणि सांध्यातली नळी नखाएवढी आत सरकली. शिष्य बघतच राहिला. हे सरकणे त्याच्या अखंड नळीने कुठे सोसले असते?

"सर, हे तुम्ही कुठे शिकलात?"

सरांनी फडक्याने हात पुसले. "मुकुंदाकडून. धाकटा मुलगा माझा."

मुकुंद फ्लाइंग क्लबचे विमान घेऊन हिवाळ्यात सकाळी उडाला आणि उसाच्या फडात कोसळला. चौकशी झाली. वैमानिकाला डुलकी लागली, असे लिहून ती मिटवली गेली. मेलेल्या माणसाइतका सोयीचा गुन्हेगार दुसरा नसतो. रात्रभर गाढ झोपलेल्या माणसाला सकाळी नऊला डुलकी का यावी, हे एकानेही विचारले नाही.

त्याच्या विमानाचाही वेढा रिव्हेटने बंद होता. अवशेषांत तो तसाच, न उघडलेला सापडला. सरांनी तो छिन्नीने उघडला, तेव्हा आतली नळी फाटलेली होती. त्याच आठवड्यात ते विमान तपासून उड्डाणास योग्य ठरवले गेले होते. वेढा न उघडता आत काय पाहिले, हे तपासणाऱ्याने अजून सांगितलेले नाही.